कोरडा क्लच

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओत गेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी "अरेरे" करायला नको. त्या "अरेरे"ची मला भयंकर चीड आहे. पायासाठी मी कधी रडले नाही. रडू यायचं ते एस.टी.त चढताना. मागून कुणीतरी काखेत हात घालून पोतं ढकलावं तसं मला वर ढकलायचं, आणि वर "सावकाश हां ताई" म्हणायचं. धुळ्याच्या स्टँडवर रोज सकाळी हा तमाशा. एकदा मी एका कंडक्टरला म्हटलं, "भाऊ, मी सावकाशच चढत होते, ढकललं तुम्ही." तर तो म्हणतो, "मग बाई, घरी बसायचं ना!"

घरी बसायचं नव्हतं म्हणून तर सगळा खटाटोप. माझी शाळा लळिंगचा घाट ओलांडला की आग्रा रोड सोडून आत एका खेड्यात होती. कागदावर दोन शिक्षक. त्यातले गुरुजी कायम कसल्या ना कसल्या सरकारी कामावर गेलेले, त्यामुळे शाळा म्हणजे मी आणि शाळेची किल्ली माझ्या पर्समध्ये. मी पोचले तर शाळा उघडणार, नाही पोचले तर पोरं कुलपाकडे बघत उन्हात बसणार. घरी मी आणि आबा, म्हणजे माझे वडील. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मोठा भाऊ जळगावला, त्याचं पाइपांचं दुकान होतं. तो प्रत्येक दिवाळीला एकच पालुपद लावायचा. "नोकरी सोड, आबांना घेऊन आमच्याकडे ये. मागची खोली रिकामीच आहे." त्या खोलीत त्यांची जुनी गादी, फुटका पाळणा आणि कांदे ठेवलेले असायचे. कांद्यांशेजारी जाऊन पडायची माझी तयारी नव्हती. माझा पगार, माझं भाड्याचं घर आणि माझे आबा, एवढंच माझं होतं आणि ते मला राखायचं होतं.

म्हणून मी स्कूटर घेतली. बिनगिअरची, नव्वद सालाच्या थोडी आधी. नंबर लागून ती हातात पडेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. एका वेल्डिंगवाल्याकडून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना छोटी चाकं बसवून घेतली, म्हणजे थांबल्यावर पाय टेकायला नको. ब्रेक हाताशी. गिअर नाही, क्लचची दांडी नाही. रेस दिली की चालायला लागते, रेस सोडली की थांबते. मी पहिल्यांदा एकटी बसून घाट चढले आणि शाळेच्या दारात जाऊन उतरले, तेव्हा पोरांनी गाडीला गराडा घातला. मी मात्र वर्गात जाऊन फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिले. मला कुणीही ढकललं नव्हतं.

आता ही गाडी आपोआप चालते आणि आपोआप थांबते ती कशी, हे मला कळल्याशिवाय चैन पडेना. हा स्वभाव आबांचा. आबा एका जिनिंग प्रेसमध्ये ऑइलमन होते. कापसातून सरकी वेगळी करणारी ती लांबच लांब यंत्रांची रांग, वर फिरणारे दांडे, पट्टे, बेअरिंगा. लांब चोचीची तेलाची कुपी घेऊन या सगळ्यांभोवती दिवसभर हिंडायचं, हे त्यांचं काम. मी खेळायला जाऊ शकत नव्हते, म्हणून ते मला सायकलच्या दांडीवर बसवून तिकडे न्यायचे आणि कापसाच्या ढिगावर ठेवून द्यायचे. काय फिरतंय, कशाने फिरतंय, कुठे तापतंय, हे सगळं मला समजावून सांगायचे. दुसऱ्या पोरींना बाप गोष्टी सांगतात, मला आबांनी मशीन सांगितली.

प्रेस बंद पडली आणि आबा घरी बसले. म्हणून स्कूटर आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला. एका रविवारी अंगणात पाट मांडून मी बसले, आबांनी डाव्या बाजूचं झाकण उघडलं, आणि मागच्या चाकाजवळची वाटी काढली. ही वाटी म्हणजे पोलादी भांडंच, तिच्या आत तीन शू. शू म्हणजे चपलेसारखे वाकडे तुकडे, बाहेरच्या अंगाला ब्रेकसारखं खरखरीत अस्तर, आणि एकमेकांना छोट्या स्प्रिंगांनी धरून ठेवलेले. आबांनी एक शू बोटाने बाहेर ओढला आणि सोडला. तो टपकन आत गेला. पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हाई त गव्हर्नर शे, माय!"

तुम्ही जुनं ऑइल इंजिन बघितलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, त्याला गव्हर्नर असतो. इंजिन जोरात पळायला लागलं की आतली वजनं गरगर फिरत बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात. वेग उतरला की वजनं परत आत. आबांचा सगळा जन्म त्यात गेलेला. त्यांनी मला तिथेच समजावलं. गाडी नुसती सुरू असते तेव्हा शू सावकाश फिरतात, स्प्रिंग त्यांना आत धरून ठेवते, वाटीला ते शिवतही नाहीत. रेस दिली की फिरण्याच्या जोराने ते बाहेर पळतात आणि वाटीला आतून पकडतात. वाटी चाकाला जोडलेली, म्हणून चाक फिरतं. हाच या गाडीचा क्लच. एवढंच! स्प्रिंगा सैल पडल्या तर गाडी जागच्या जागीही पुढे सरकायला बघते. फार ताठ असल्या तर इंजिन बोंबलत राहतं आणि गाडी उशिरा उठते. मला कुणी कॉलेजात शिकवलं असतं तरी इतकं कळलं नसतं.

आणि इथेच ती चूक होती. आबांना सगळं बरोबर कळलं होतं, फक्त एक गोष्ट सोडून.

त्या वर्षी खंडेनवमीला आबांनी स्कूटरची पूजा केली. प्रेसमध्ये रीतच होती तशी. त्या दिवशी प्रत्येक मशीन पुसायची, प्रत्येक सांध्यात तेल सोडायचं, मग हळदीकुंकू आणि झेंडूची माळ, आणि दसरा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तेल न देता पूजा केली तर ती पूजाच नव्हे. आबांनी सकाळी उठून वाटी काढली, शू, स्प्रिंगा, सगळं लख्ख पुसलं, आणि गव्हर्नरला देतात तसं मनापासून तेल दिलं.

दसऱ्यानंतर शाळेला निघाले तर गाडी जागची हलेना. इंजिन कोकलतंय आणि चाक म्हणतंय, माझा काय संबंध! गव्हर्नरची वजनं सुळसुळीत हवीत, कारण त्यांना नुसतं सरकायचं असतं. क्लचच्या शूला पकडायचं असतं. तेलाच्या हाताने काही धरून बघा म्हणजे कळेल. मी आबांना म्हटलं, "आबा, हाई कोल्लं ऱ्हावाले पाहिजे. आथं तेल नही चालस." कोल्लं म्हणजे कोरडं. आबांनी शूकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून इतके हसले, की शेजारच्या अक्का काय झालं म्हणून कुंपणापाशी आल्या. "मन्हं चुकनं, माय," म्हणाले आणि स्वतःच पेट्रोलचा डबा घेऊन बसले.

मग आमचं ठरूनच गेलं. महिना दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी क्लच उघडायचा. आतली काळी धूळ कोरड्या कपड्याने पुसायची. शूचं अस्तर गुळगुळीत होऊन चकाकायला लागलं असेल तर पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून त्याचा खरखरीतपणा परत आणायचा, आणि ज्या कडेने शू आधी वाटीला लागतो ती कड जरा मारायची, म्हणजे गाडी उठताना थरथरत नाही. स्प्रिंग बदलायची तर तिन्ही एकदम, एक नवी दोन जुन्या असं करायचं नाही. शेवटी स्टँडवर लावून स्लो जुळवायचा. इंजिन बंद पडू नये आणि मागचं चाकही फिरू नये, असा बरोब्बर मधला बिंदू स्क्रूने शोधायचा. मी स्क्रू फिरवायची, आबा कान लावून बसायचे आणि बोट वर करायचे. तो बिंदू त्यांना माझ्याआधी ऐकू यायचा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बापलेकीला दुसरा उद्योग नाही. खरंच नव्हता. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

पुढे कधीतरी एका सकाळी आबा अंघोळ करून, टोपी घालून दारात उभे होते. मला म्हणाले, "भोंगा व्हयना का?"

भोंगा झाला का, विचारत होते. प्रेसचा भोंगा. प्रेस बंद पडून इतकी वर्षं झालेली. मला वाटलं थट्टा करताहेत. मी म्हटलं, "व्हयना, चला आता कामावर." तर ते खरोखर निघाले की हो! कोपऱ्यावरून मी त्यांना परत आणलं. त्या दिवशी काळजात जे चर्र झालं ते पुढे कधी थांबलंच नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं, असं होतं. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी डोंबल होणार होतं.

विसरण्याचीही काही रीत असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. आदल्या दिवशीचं जेवण विसरायचे, नातवंडांची नावं विसरायचे, पण सगळ्यात नवं जे शिकले होते ते आधी गेलं. क्लच कोरडा ठेवायचा असतो, हे गेलं. जुनं मात्र घट्ट बसून होतं. फिरणाऱ्या वस्तूला तेल हवं.

एका सोमवारी घाटात मधोमध माझी गाडी घसरायला लागली. रेस देतेय, इंजिन किंचाळतंय, आणि गाडी मागे मागे. करपल्याचा वास सुटला. मागे ट्रक. मी दोन्ही ब्रेक आवळून ओरडत होते. ट्रकवाला खाली उतरला, माझ्या चाकामागे दगड लावला आणि म्हणाला, "दीदी, मरना है क्या?" मी रस्त्याच्या कडेला झाकणाच्या फटीत बोट घालून पाहिलं. तेल. झाकणाला हवा खेळायला फटी ठेवलेल्या असतात, त्यातून कुपीची चोच घालून कुणीतरी आत धार सोडली होती. कुणीतरी कसलं, घरात दुसरं होतं कोण!

संध्याकाळी मी आबांना विचारलं. ते आनंदाने म्हणाले, "मी दिधं ना तेल गाडीले. बठ्ठं कोल्लं पडेल व्हतं. आते बिनघोर जाय." सगळं कोरडं पडलं होतं म्हणे! मी त्यांना पुन्हा सगळं समजावलं. शू, वाटी, पकड. त्यांना कळलं. कळायचं त्यांना, हीच तर खरी शिक्षा होती. हसले मात्र नाहीत. खाली मान घालून बसले. "घाटमा व्हती का तू?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी ते सगळं विसरले. चार दिवसांनी पुन्हा तेल. पुन्हा मी समजावलं, पुन्हा ती मान खाली, पुन्हा तोच प्रश्न. प्रत्येक वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळत होतं. पोरीला आपण आपल्या हाताने मरणाच्या दारात धाडलं, हे एका माणसाला किती वेळा नव्याने कळावं? मी सांगायचं सोडून दिलं.

सांगणं सोडलं, पण तेल थांबलं नाही. रोज पहाटे दाराच्या बिजागऱ्यांना, शिलाई मशीनला, विहिरीच्या रहाटाला, आणि सगळ्यात शेवटी गाडीला. मी कुपी लपवली. तर ते घरभर शोधत फिरले, डबे उपसले, रडले. लहान मूल रडतं तसं नव्हे. बापमाणूस रडतो तसं, आवाज न करता. मग स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं तेल वाटीत घेऊन गाडीपाशी गेले. कप्पाळ माझं! कुपी परत दिली. गाडी घरात घ्यावी तर बाजूच्या चाकांमुळे दारातून जाईना. झाकणाच्या फटींवर पत्रा ठोकला. मग हवा कोंडली, क्लच आत भाजून निघाला, स्प्रिंगांचा ताण गेला, आणि गाडी सिग्नलला उभी असताना पुढच्याच्या अंगावर जायला लागली. पत्रा काढला. नव्या स्प्रिंगा टाकल्या. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने तर हातच टेकले. म्हणाला, "बाई, आता आबांनाच कुलूप लावा."

माझा हात उठला होता त्याच्यावर. खरंच सांगते.

दरम्यान शाळा. मी उशिरा पोचत होते. कधी पोचतच नव्हते. पेट्रोलने शू धुवून, वाळवून, घासून निघायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा. आणि नेमक्या अशाच एका दिवशी तपासणीला साहेब आले. शाळेला कुलूप, ओट्यावर पोरं खेळताहेत, बाईंचा पत्ता नाही. साहेबांनी मला तालुक्याला बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. माझ्या कुबडीकडे बघून आधी खुर्ची दिली आणि मग म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल सहानुभूती आहे. पण पुन्हा शाळा बंद सापडली तर माझा नाइलाज होईल. धडगावकडे जागा रिकाम्या आहेत."

धडगाव! सातपुड्यातलं, तेव्हा आमच्याच जिल्ह्याचं पार दुसरं टोक. तिथे कुबडी घेऊन, आबांना घेऊन मी काय डोंगर चढणार होते? धडगाव म्हणजे राजीनामा. राजीनामा म्हणजे जळगाव, मागची खोली, कांदे. भावाला बातमी कळलीच. तो आला आणि म्हणाला, "बघ, मी सांगत होतो." भाऊ प्रेमाने बोलत होता, तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मला दोन महिने दे." कशासाठी मागितले ते माझं मला ठाऊक नव्हतं.

उपाय मला चहा गाळताना सुचला. कोऱ्या चहाचं पाणी मशीनच्या तेलासारखं दिसतं. मी आबांची कुपी रिकामी केली, साबणाने धुतली, आणि गार झालेला कोरा चहा तिच्यात भरून ठेवला. पाण्याने क्लचचं काही बिघडत नाही. पहिल्या चौकापर्यंत जरा घसरतो, मग गरम होऊन वाळतो आणि पकडतो. बिजागऱ्या गंजल्या तर गंजू देत.

आबांना काही कळलं नाही. पहाटे उठायचे, कुपी घ्यायचे, दार, शिलाई मशीन, रहाट, गाडी. सगळीकडे चहा. आणि परत येऊन समाधानाने म्हणायचे, "जाय माय, बिनघोर जाय." आणि मी बिनघोर जात होते! गाडी घाट अशी चढायची की मागच्या ट्रकवाल्यांनी बघत राहावं. साधारण महिनाभर मी एकदाही उशिरा पोचले नाही. साहेब पुन्हा येऊन गेले, शाळा उघडी, पोरं पाढे म्हणताहेत. "ठीक आहे बाई," म्हणाले. धडगाव टळलं. मी येताना आबांसाठी जिलबी घेऊन आले. इतका आनंद मला स्कूटर घेतली तेव्हाही झाला नव्हता.

आबांच्या डोक्यात काही सकाळी एकदम लख्ख असायच्या. कोणती सकाळ तशी निघेल, सांगता यायचं नाही. तशी एक निघाली. मी केस विंचरत होते. आबा गाडीपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी कुपीतून एक थेंब अंगठ्यावर घेतला आणि तर्जनीने चोळला. तेल चोख आहे की नाही हे बघायची ऑइलमनची पद्धत. त्यांनी पुन्हा एक थेंब घेतला, पुन्हा चोळला, वास घेतला.

"हाई पानी शे."

ते उठले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांना मी दिसत होते, पण मी त्यांची पोर दिसत नव्हते. "स्टोअरमा तूच ऱ्हास ना?" त्यांनी विचारलं.

प्रेसमधली एक गोष्ट आबा क्वचितच बोलायचे. एका स्टोअरकीपरने चोख तेल बाहेर विकून त्याच्या जागी भेसळीचं भरून ठेवलं होतं. बेअरिंग तापलं, कापूस पेटला, आणि आबांचा जोडीदार त्यात होरपळून गेला. तेल आबांच्याच कुपीतलं होतं. त्यांनी ते न तपासता सोडलं होतं. त्यानंतर ते प्रत्येक थेंब चोळून बघायला लागले. आता इतक्या वर्षांनी तो स्टोअरकीपर त्यांना सापडला होता, आणि तो मी होते.

मी पुष्कळ सांगितलं. "आबा, मी शे, तुमनी पोर." पाया पडले, रागावले, रडले. तेलाची नवी बाटली फोडून समोर भरून दिली. त्यांनी चोळून पाहिली, मान हलवली. तेल चोख होतं, देणारा हात खोटा होता. बाकी सगळं विसरणाऱ्या माणसाने ही एक गोष्ट विसरायला काय हरकत होती? देवाला एवढंही जमू नये? दुसऱ्या दिवशी उठले तरी ते त्यांच्या डोक्यात तसंच. माझ्या हातचं पाणी घेईनात. तेलात भेसळ करणारा भाकरीत काय घालेल, याचा भरवसा काय? शेजारच्या अक्का ताट घेऊन यायच्या तेव्हा दोन घास खायचे, तेही अक्कांनी आधी खाऊन दाखवल्यावर. पोट खपाटीला गेलं. ज्या माणसाने मला दांडीवर बसवून जग दाखवलं, तो माझ्याकडे पाठ करून झोपायला लागला.

शेवटी मीच कोपऱ्यावरच्या फोनवरून भावाला बोलावलं. तो दुकान टाकून आला. आबांनी त्याला ओळखलं की नाही कोण जाणे, पण त्याने पुढे केलेला लाडू लगेच खाल्ला. भाऊ माझ्याकडे बघेना. म्हणाला, "तूही चल." मी नाही म्हटलं. मी गेले असते तर तिथेही ते उपाशी राहिले असते. त्यांना जगवायचं तर त्यांच्यापासून लांब राहायला हवं होतं. मग उरलं काय? नोकरी उरली, घर उरलं. ज्याच्यासाठी हे सगळं सांभाळलं तो निघाला होता. तेव्हा मी दुसरं काय करायला हवं होतं, ते मला अजूनही कुणीतरी सांगावं.

भावाने रिक्षा दारात आणली. आबांचं गाठोडं आत ठेवलं, आणि त्यांची कुपीही. अक्का पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी दाराच्या आडोशाला होते, उगाच पुढे जाऊन त्यांना बिथरवायला नको म्हणून. आबा रिक्षात चढता चढता थांबले. वळले. अंगणातल्या गाडीकडे पाहिलं, आणि सावकाश चालत थेट माझ्यापाशी आले. मला वाटलं, आठवलं.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आयुष्यात कुणापुढे त्यांना टोपी काढताना मी पाहिलं नव्हतं.

"स्टोअरवाले साहेब," ते म्हणाले, "मी आते चालनू. एक इनंती शे. मन्ही पोर रोज घाट चढीसन शाळामा जास. तिना पाय अधू शे. बठ्ठासले द्या, पन तिनी गाडीले असं तेल नका देऊ."

मी म्हटलं, "नही देणार."

त्यांनी हात जोडले, टोपी घातली आणि रिक्षात जाऊन बसले.